घराची मलवाहिनी बदलताना

घर बांधणारा मनुष्य दाराच्या लाकडाची पारख करतो, फरशी हाताने चाचपून पाहतो आणि भिंतींच्या रंगाविषयी घरातील सर्वांचे मत घेतो. घरातील सांडपाणी व मैला बाहेर नेणाऱ्या नळाकडे मात्र तो बहुधा एकदाच पाहतो, आणि तेही तो मातीखाली जाण्यापूर्वी. पुढे कित्येक वर्षे त्या नळाचे स्मरण कोणासही होत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात नहाणीतील पाणी उतरेनासे होते, अंगणातील चेंबर तुंबून वाहू लागतो, भिंतीच्या पायथ्याशी ओल दिसते व तिला दुर्गंधी येऊ लागते. नळकारागीर येऊन सांगतो की, ‘लाइन बदलावी लागेल.’ त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : खर्च किती येईल?

या प्रश्नाचे उत्तर नळाच्या किमतीत शोधू गेल्यास ते सापडत नाही. एक साधे उदाहरण घेऊ. घराच्या मागील भिंतीपासून रस्त्याच्या कडेच्या चेंबरपर्यंत बारा मीटर अंतर आहे, आणि तेथे ११० मिलिमीटर बाह्य व्यासाचा पीव्हीसीचा नळ टाकावयाचा आहे. बारा मीटर लांबीच्या या नळाचे वजन वीस किलोच्या आसपास भरते. एक मनुष्य त्याचे तुकडे खांद्यावरून सहज नेईल. पण तो पुरण्यासाठी साठ सेंटिमीटर रुंद व सरासरी ऐंशी सेंटिमीटर खोल चर खणावा लागतो. म्हणजे पावणेसहा घनमीटर माती वर काढावयाची. घनमीटरला सुमारे १.७ टन हे प्रमाण धरले तर ती जवळजवळ दहा टन होते. वीस किलोंचा नळ आणि दहा टनांची माती! घरमालक पैसे मोजतो ते मुख्यतः या मातीसाठी. ती उपसण्यासाठी, पुन्हा भरण्यासाठी आणि तिच्यावर जी फरशी, जो रस्ता किंवा जे कुंपण होते ते पूर्ववत करण्यासाठी.

गळक्या नळाचा धोका

काही जण म्हणतील की, नळ जमिनीत थोडासा गळला तर काय बिघडले? माती ते पाणी शोषून घेईल. या समजुतीचे उत्तर लंडन शहराने १८५४ साली फार मोठी किंमत देऊन मिळवले. त्या वर्षी सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याच्या परिसरात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ आली व सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी रोगाचे मूळ रस्त्यावरील सार्वजनिक पंपाच्या पाण्यात आहे असे दाखवून दिले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. ही कथा पाठ्यपुस्तकांतून प्रसिद्ध आहे. तिचा उत्तरार्ध मात्र तितकासा सांगितला जात नाही, आणि आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्याच भागाचा.

पंपाची विहीर दूषित झाली कशी? विहिरीत उतरून प्रथम तपासणी करण्यात आली तेव्हा आतून काहीच दोष आढळला नाही. तेथील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना पुढे असे आढळले की, साथीच्या आरंभी विहिरीलगतच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल अतिसाराने आजारी होते आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी घरापुढील शौचकूपात ओतले जात असे. तेव्हा १८५५ च्या एप्रिल महिन्यात त्या घराची गटारनळी व शौचकूप खणून उघडे करण्यात आले. विटांचे बांधकाम इतके खिळखिळे झाले होते की विटा हाताने सुटत होत्या. शौचकूपापासून विहिरीचे अंतर तीन फुटांहूनही कमी होते, आणि मधली माती मैलापाण्याने भिजलेली होती. एका घराच्या फुटक्या गटाराने एवढा अनर्थ केला होता.

आज बहुतेक शहरांत पिण्याचे पाणी विहिरीऐवजी नळातून येते, म्हणून धोका टळला असे मानण्याचे कारण नाही. भारतातील पुष्कळ शहरांत पाणी दिवसाचे काही तासच सोडले जाते. नळात दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर झिरपते. पाणी बंद झाले की दाब उतरतो, आणि सभोवतालच्या मातीतील ओल त्याच फटीतून आत ओढली जाते. ती ओल शेजारच्या गळक्या मलवाहिनीची असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागरीत येते. यासाठीच अभियंत्यांचा नियम असा आहे की, पाण्याचा नळ आणि मलवाहिनी यांत आडवे अंतर तीन मीटर असावे, आणि जेथे एकमेकांना ओलांडणे भागच असेल तेथे पाण्याचा नळ निदान अर्धा मीटर वरून जावा. लहान भूखंडावर तीन मीटर अंतर मिळणे कठीण. पण पाण्याचा नळ वर व मलवाहिनी खाली, एवढे तरी कोठेही साधता येते. जुनी मलवाहिनी बदलण्याचा प्रसंग हा ही चूक सुधारण्याचाही प्रसंग असतो.

नळ का निकामी होतो?

जुन्या घरांतून बहुधा खापरी नळ असतात. विशिष्ट माती भाजताना भट्टीत मीठ टाकतात. मिठातील सोडियमचा मातीतील सिलिकेशी संयोग होऊन नळावर काचेसारखा लेप चढतो. अशा नळावर सांडपाण्यातील आम्ल वा क्षार यांचा फारसा परिणाम होत नाही. १८४६ पासून लंडनमध्ये हेन्री डोल्टन यांनी असे नळ मोठ्या प्रमाणावर बनवण्यास आरंभ केला, आणि पुढे सर्व जगात त्यांचा प्रसार झाला. हे नळ सहसा स्वतः झिजत नाहीत. त्यांचे दौर्बल्य सांध्यांत असते. एक नळ सुमारे साठ सेंटिमीटर लांबीचा. म्हणजे आपल्या बारा मीटरांच्या वाहिनीत वीस तुकडे आले आणि जवळजवळ तितकेच सांधे. प्रत्येक सांधा तागाची दोरी ठासून व सिमेंट भरून केलेला. जमीन किंचित खचली तरी सिमेंटला तडा जातो, कारण त्याला वाकणे ठाऊक नाही.

तडा गेला की झाडाची मुळे येतात. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या मातीत सांध्यातून झिरपणारी ओल व तिच्यातील पोषक द्रव्ये ही मुळांना मोठीच पर्वणी. केसासारखे मूळ फटीतून शिरते, आत त्याचा झुपका होतो, झुपक्यात कागद, केस व तेलकट साका अडकतो, आणि मूळ जाड होता होता सांधा आणखी रुंदावतो. अंगणातील वड किंवा पिंपळ या बाबतीत विशेष बलवान. बिडाच्या नळाचे दुखणे निराळे आहे. तो गंजतो, आतून खरखरीत होतो व त्याचा मार्ग अरुंद होत जातो. सिमेंट काँक्रीटच्या नळात तर चमत्कारिक गोष्ट घडते : साचलेल्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू नळाच्या वरच्या ओलसर भागावर जमतो, तेथील सूक्ष्मजंतू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात, आणि ज्या छताला पाणी कधी लागत नाही तेच आधी खाल्ले जाते.

आणि पुष्कळदा नळ धड असतो, त्याचा उतार बिघडलेला असतो. खालची भर खचल्यामुळे मध्येच पोट सुटते, तेथे पाणी साचते व गाळ बसतो. अशा वाहिनीत कितीही वेळा बांबूच्या कामट्या घातल्या तरी महिन्या-दोन महिन्यांत ती पुन्हा तुंबते.

खणण्यापूर्वी पाहावे

म्हणून पहिला खर्च करावयाचा तो निदानावर. आमच्या मते या कामातील सर्वांत मोठी उधळपट्टी म्हणजे कारण न शोधता संपूर्ण चर उकरणे. पुष्कळ ठिकाणी दोन-तीन सांधेच वाईट असतात.

पाहण्याच्या जुन्या रीती आजही उपयोगी आहेत. दोन चेंबरांमधील नळ सरळ असेल तर एका टोकाशी दिवा धरावा व दुसऱ्या टोकाशी आरसा. आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसले तर नळ सरळ व मोकळा आहे. वर्तुळ खालून किंवा बाजूने कापलेले दिसले तर तेथे अडथळा अथवा वाक आहे. दोन्ही कामे चेंबरच्या बाहेरूनच, दांड्याला बांधलेल्या आरशाने करता येतात. गळती शोधावयाची तर खालचे टोक बुचाने बंद करून नळ पाण्याने भरतात व वरच्या चेंबरमधील पातळी उतरते का ते पाहतात. कोणत्या नहाणीचे पाणी कोठे जाते हे कळत नसेल तर त्यात रंग सोडतात. अलीकडे लवचीक दांड्याच्या टोकाला बसवलेला लहान कॅमेरा नळातून सरकवून आतील चित्र पडद्यावर पाहता येते, आणि तो किती मीटर आत गेला हेही मोजता येते. या तपासणीला पैसे पडतात. परंतु तिने चार मीटरांचे काम बारा मीटरांचे होण्यापासून वाचवले, तर ते पैसे परत आलेच म्हणावयाचे.

खर्चाचा हिशेब

आता अंदाजपत्रक समजून घेऊ. रुपयांचे आकडे गावागणिक व वर्षागणिक बदलतात, म्हणून ते येथे देण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग आपली दरसूची प्रसिद्ध करतो, आणि केंद्रीय विभागाची दिल्लीसाठी केलेली दरसूची अनेक ठिकाणी प्रमाण मानली जाते. तिच्यात खोदाईचा दर घनमीटरवर, नळाचा दर मीटरवर, व्यासानुसार, दिलेला असतो. कंत्राटदाराचा ‘एकरकमी’ आकडा या सूचीशी ताडून पाहणे हा नागरिकाचा साधा हक्क आहे. त्यासाठी कंत्राटदाराकडून बाबवार अंदाज मागितला पाहिजे. एकरकमी आकड्यात काय आले व काय राहिले हे भांडण झाल्यावाचून समजत नाही.

सर्वांत मोठा फरक करते ती खोली. वरील उदाहरणात चर सरासरी ऐंशी सेंटिमीटर खोल होता. तोच दोन मीटर खोल न्यावा लागला तर माणसाला आत उभे राहून काम करता यावे म्हणून रुंदीही नव्वद सेंटिमीटरच्या आसपास घ्यावी लागते. माती साडेएकवीस घनमीटरांवर, म्हणजे जवळजवळ चौपट, जाते. शिवाय दीड मीटरपलीकडे दरसूचीत उपशाचा जादा दर लागतो, आणि चराच्या दोन्ही बाजूंना फळ्या व आडवे टेकू देणे आवश्यक ठरते. हे टेकू वाचवण्याचा मोह कंत्राटदाराला होतो, व कधी कधी घरमालकालाही. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते हे ध्यानात घेतले, म्हणजे कोसळलेल्या चरात कंबरेपर्यंत गाडल्या गेलेल्या मजुराचे काय होत असेल याची कल्पना येईल.

रस्त्यातील सार्वजनिक मलवाहिनी खोल आहे, एवढ्यावरून घराचा सर्व नळ तितका खोल नेण्याची मात्र गरज नसते. नळ योग्य उताराने शेवटच्या चेंबरपर्यंत आणावा आणि तेथे उभ्या नळीने पाणी खाली उतरवावे. नकाशावरची ही एक रेघ कित्येक टन खोदाई वाचवते.

खोलीनंतर जमिनीचा प्रकार येतो. गंगेच्या मैदानातील गाळाची माती फावड्याने निघते, पण पाणी वर असल्यास चर ढासळतो व पंप लावावा लागतो. दख्खनच्या पठारावर वरची माती व मुरूम संपला की काळा कातळ लागतो. वस्तीत सुरुंग लावता येत नाही, तेव्हा तो छिन्नीने किंवा यंत्राने फोडावा लागतो आणि त्याचा दर मातीच्या दराशी तुलनाच करण्याजोगा नसतो. म्हणून मध्यभागी एक लहानसा खड्डा घेऊन खाली काय आहे ते आधी पाहावे आणि मगच करार करावा.

त्यानंतर वरचा पृष्ठभाग. रस्ता फोडावयाचा असल्यास नगरपालिकेची अनुज्ञा व पुनर्बांधणीचे शुल्क लागते; पावसाळ्यात ही अनुज्ञा सहसा मिळत नाही. सार्वजनिक मलवाहिनीला जोड देण्याचे काम परवानाधारक नळकारागिराकडूनच करून घ्यावे लागते. मुंबईच्या जुन्या इमारतींसारख्या ठिकाणी, जेथे दोन इमारतींमधील चिंचोळ्या हाऊस गल्लीतून अनेक बिऱ्हाडांचे नळ एकत्र उतरतात, तेथे खर्चाची वाटणी कामाच्या आधी लेखी ठरवलेली बरी. तळमजल्यावरचा मनुष्य त्रास भोगतो आणि चौथ्या मजल्यावरच्याला तो दिसत नाही.

नळ घालण्याची रीत

काम खालच्या टोकापासून वर चढत करतात, आणि नळाचे रुंद तोंड, ज्यात पुढचा नळ बसतो ते, चढाच्या बाजूला ठेवतात. त्यामुळे पाणी सांध्यावरून घसरत जाते, सांध्यात आपटत नाही. उतार किती द्यावा? पाण्याची गती सेकंदाला सुमारे पाऊण मीटर राहिली म्हणजे मैला तळाशी बसत नाही. जुने कारागीर चार इंची नळाला चाळीसात एक व सहा इंचीला साठात एक असा उतार देत. शंभर मिलिमीटरच्या नळाला सत्तावन्नात एक ही भारतीय मानकातील मर्यादा आहे. मोठा नळ घातला म्हणजे अधिक चांगले, ही समजूत मात्र चुकीची आहे. थोडे पाणी रुंद नळात पसरते, उथळ होते व मैला मागे ठेवून पुढे जाते.

उतार डोळ्यांनी जोखता येत नाही. पन्नासात एक उतार हवा असेल तर दोन मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी आणि तिच्या एका टोकाखाली चार सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा ठोकावा. ठोकळ्याचे टोक उताराकडे करून फळी नळावर ठेवावी व तिच्यावर पाणसळ ठेवावी. बुडबुडा मध्यावर आला की उतार बरोबर. दहावीचा विद्यार्थीही हे तपासू शकेल.

चराच्या तळाशी वाळू किंवा बारीक मुरूम पसरून नळाला सर्व लांबीभर आधार द्यावा; विटेच्या तुकड्यांवर टेकलेला नळ विटांच्या मध्ये वाकतो. पीव्हीसीचे नळ तीन किंवा सहा मीटर लांबीचे मिळतात. वीस सांध्यांच्या जागी दोन-चार सांधे राहतात आणि रबरी कड्याचा सांधा थोडा हललेला सोसतो. वाहनाच्या वाटेखाली नळाभोवती काँक्रीट घालावे. जेथे दिशा बदलते तेथे चेंबर हवाच, आणि बाजूचा नळ प्रवाहाच्या दिशेने तिरका मिळावा. झाकण उघडून साफ करता येईल असे गटार असावे, हे तत्त्व नवे नाही; मोहेंजोदडोच्या रस्त्यांतील विटांच्या गटारांवरही उचलता येणारी झाकणे होती.

चर न खणता नळ बदलण्याच्याही युक्त्या निघाल्या आहेत. १९७१ मध्ये लंडनला एरिक वुड यांनी राळेत भिजवलेली नमद्याची पिशवी जुन्या नळात घालून ती आतल्या आत कडक करण्याची पद्धत वापरली. दुसऱ्या पद्धतीत शंकूसारखे डोके जुन्या नळातून ओढतात. ते नळ फोडत जाते व मागोमाग नवा नळ ओढून आणते. दोन्ही टोकांना खड्डे पुरतात. मोठा वृक्ष, संगमरवरी फरशी किंवा गजबजलेला रस्ता वर असेल तर जादा दर देऊनही हे स्वस्त पडते. पण एक गोष्ट विसरू नये : जुन्या नळाला पोट सुटले असेल तर नवा अस्तर त्याच पोटाची हुबेहूब नक्कल करतो. तेथे खणण्यावाचून गत्यंतर नाही.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नये

खर्चाच्या हिशेबात न मावणारी एक बाब राहिली. जुना नळ तोडण्यापूर्वी तुंबलेला चेंबर रिकामा करावा लागतो, आणि हे काम एखाद्या गरीब माणसाला थोड्या पैशांत आत उतरवून करून घेण्याची वाईट प्रथा आपल्या देशात अद्याप गेलेली नाही. बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. तो हवेहून जड म्हणून तळाशी राहतो. प्रमाण थोडे असता कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि मनुष्याला वाटते की हवा स्वच्छ झाली. त्याहून अधिक झाल्यास काही श्वासांतच तो कोसळतो. त्याला काढण्यास धावून उतरलेला सोबतीही बहुधा वर येत नाही.

२०१३ च्या कायद्याने, संरक्षक साधनांवाचून मलवाहिनी किंवा मलकुंड साफ करण्यास माणूस लावणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ही मनाई केवळ नगरपालिकांना नाही, कोणत्याही व्यक्तीला आहे, अर्थात घरमालकालाही. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. शोषणयंत्राची गाडी बोलावण्यास येणारा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर लिहावा, आणि इतर काही कमी करावे लागले तरी तो कमी करू नये.

नळ झाकण्यापूर्वी

सांधे झाले की चर लगेच बुजवू देऊ नये. पाणी भरून गळती तपासावी. नळाच्या आतील व्यासाहून तेरा मिलिमीटर लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाने सोडावा. तो न अडखळता खालच्या चेंबरमध्ये आला पाहिजे. त्यानंतर नळावर तीस सेंटिमीटरपर्यंत दगड नसलेली माती हाताने भरावी, आणि पुढे पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर पाणी शिंपडून ठोकावे. घाईने एकदम लोटलेली माती पहिल्या पावसात खचते व वरची नवी फरशी तिच्याबरोबर जाते. टाकून दिलेला जुना नळ तसाच पोकळ सोडू नये, त्याची तोंडे बंद करावीत. नाहीतर उंदीर-घुशींना आयता राजमार्ग मिळतो.

चर उघडा असतानाच एका कागदावर नकाशा काढून घ्यावा. घराच्या पक्क्या कोपऱ्यापासून प्रत्येक चेंबरचे अंतर, नळाची खोली, व्यास, वळणांची व जोडांची जागा, पाण्याचा नळ कोठे ओलांडला ती खूण आणि कामाची तारीख एवढे त्यावर असावे. हा कागद घराच्या खरेदीखताबरोबर ठेवून द्यावा. पुढच्या वेळी कुदळ नेमकी कोठे मारावयाची ते त्यावरून कळेल.